हिवाळ्याचे सरपण: तीन पुरवठादारांपैकी कोणाचे खरोखर स्वस्त?

प्रश्न (आर्वी तालुका, जिल्हा वर्धा)

आमचे एकत्र कुटुंब अकरा माणसांचे आहे आणि वडील ब्याऐंशी वर्षांचे आहेत, त्यामुळे दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत आंघोळीचे पाणी तापल्याशिवाय घराचा दिवस सुरू होत नाही. स्वयंपाक गॅसवर होतो, परंतु पाण्यासाठी आजोबांच्या वेळचा चाळीस लिटरचा तांब्याचा बंब आजही वापरात असून रोज सकाळी तो तीनदा भरावा लागतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस नागपूरला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, त्या आठवड्यात तर तो दुपारपर्यंत धगधगत होता.

पूर्वी आम्ही सरपण विकत घेत नव्हतो. घरच्या शेतातील पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडे, उपटून वाड्याच्या मागे रचली की वर्ष निघत असे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कपाशीची जी दशा केली, त्यानंतर पऱ्हाटी घराजवळ साठवू नये, तिच्यातील वाळक्या बोंडांत अळी टिकून राहते, हा कृषी विभागाचा सल्ला आम्ही मनावर घेतला आणि तेव्हापासून पऱ्हाटीचा शेतातच भुगा करून ती जमिनीत मिसळतो. त्याचे मला समाधान आहे, पण सरपणाचा खर्च मात्र अंगावर आला.

या वर्षी माझ्यापुढे तीन विक्रेते आहेत. तालुक्याच्या गावातील लाकडाच्या टालावर मिश्र लाकूड ६२० रुपये क्विंटल, घरपोच मिळते. शेजारच्या गावातील एका शेतकऱ्याने धुऱ्यावरच्या बाभळी गेल्या चैत्रात तोडून, फोडून, पत्र्याखाली वाळवून ठेवल्या आहेत आणि तो ७८० रुपये सांगतो. तिसरा, पांढरा कोळसा, म्हणजे शेतातील काडीकचरा दाबून केलेल्या कांड्या, तयार करणाऱ्या कारखान्याचा माणूस, ८५० रुपये क्विंटल मागतो आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे लाकडाच्या निम्म्या मालात काम भागते. धाकट्या भावाचे म्हणणे असे की जळून राखच होणार आहे, तर सर्वांत स्वस्त तेच घ्यावे.

माझे मन मात्र कचरते, कारण गेल्या वर्षी एका टालावरून आठ क्विंटल माल घेतला तेव्हा ओंडके पेटायलाच अर्धा तास लागे, त्यांच्या टोकातून फुसफुस करत पांढरा फेस बाहेर येई आणि अंगणभर धूर कोंडून वडिलांना खोकल्याची उबळ येत असे. म्हणून जाणकारांना विचारतो की भाव आणि प्रत यांची सांगड घालून या तिघांची तुलना नेमकी कशी करावी? शिवाय टालवाला वजन न करता ट्रॉलीच्या हिशेबाने माल देण्यासही तयार आहे; ते परवडते का?

उत्तर (यवतमाळ)

भाऊ, मी एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आणि माझ्याही घरी बंब आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण लाकूड विकत घेत नाही, उष्णता विकत घेतो, आणि तुलना तिचीच व्हायला हवी. माझा पुतण्या अमेरिकेच्या ईशान्य भागात राहतो. तेथे घर उबदार ठेवण्यासाठी तळघरातील टाकीत तेल भरून घेतात आणि पुरवठादारांची तुलना तो गॅलनच्या भावावर बिनधास्त करू शकतो, कारण त्या ठरावीक प्रतीच्या तेलाच्या प्रत्येक गॅलनमध्ये उष्णता जवळपास सारखीच, सुमारे ३५,००० किलोकॅलरी, असते (एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला लागते ती उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी). लाकडाचे तसे नाही. एकाच भावाच्या दोन क्विंटलांत दुपटीचा फरक असू शकतो, आणि तो फरक बहुतांशी पाण्याचा असतो.

पूर्ण वाळलेले लाकूड, मग ते कोणत्याही झाडाचे असो, किलोमागे साधारण ४,४०० किलोकॅलरी उष्णता देते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात मात्र निम्म्याच्या आसपास पाणी असते. या पाण्याचे आपण लाकडाच्या भावाने पैसे मोजतो ते वेगळेच, पण ते पाणी तापवून त्याची वाफ करण्यात किलोमागे जवळपास ६०० किलोकॅलरी पुन्हा खर्च होतात. म्हणजे निम्मे ओले असलेले एक किलो लाकूड २,२०० मधून ३०० वजा जाता जेमतेम १,९०० किलोकॅलरी देते. तुमच्या ओंडक्यांच्या टोकातून फुसफुसणारा फेस म्हणजे तुम्ही विकत घेतलेले तेच पाणी होते.

आता ओलावा घरी कसा मोजावा ते सांगतो. प्रत्येक विक्रेत्याकडून दोन-तीन ओंडके नमुन्यादाखल आणा. ओंडक्याच्या टोकाचा तुकडा घेऊ नका, कारण टोके आधी वाळतात आणि फसवतात. मधोमध करवतीने कापून तेथील बोटभर जाडीच्या ढलप्या काढा आणि स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर लगेच तोला. नंतर त्या पितळी परातीत पसरून रोज सकाळी गरम बंबाच्या झाकणावर ठेवा आणि रोज एकदा वजन करा. सलग दोन दिवस वजन घटले नाही की ढलप्या वाळल्या असे समजावे. मूळ वजनातून जेवढे ग्रॅम गेले, ते पाणी. याहून सोपी खूण म्हणजे दोन फोडी एकमेकींवर आपटाव्यात. वाळलेले लाकूड टणत्कार करते, ओले नुसते थप्प वाजते. परंतु ही खूण आपल्या समाधानापुरती. भाव ठरवताना काट्यावरचाच आकडा पुढे ठेवावा.

ट्रॉलीच्या हिशेबाने घेऊ नका. वजनाने घेतल्यास झाडाच्या जातीने फारसा फरक पडत नाही, पण आकारमानाने घेतल्यास तोच फरक सर्वांत मोठा ठरतो. धावडा, बाभूळ, हिवर ही भरीव लाकडे. सालई, पांगारा, पळस ही हलकी. सालईची भरलेली ट्रॉली आणि धावड्याची भरलेली ट्रॉली दिसायला सारखीच, आणि वाकडेतिकडे ओंडके सैल रचले की ट्रॉलीत अर्धी हवाच असते. जवळच्या जिनिंगच्या धरमकाट्यावर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या अशा दोन्ही पावत्या घ्या, आणि काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाच्या पडताळणीचे चालू प्रमाणपत्र लावलेले आहे का, तेवढे पाहा.

आणखी एक गोष्ट, विषयाला लागूनच. टालावरच्या मिश्र मालात साग, मोह, ऐन, तिवस, खैर, आंबा किंवा चिंच दिसल्यास पावती मागून घ्यावी. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत ही झाडे आहेत आणि ती स्वतःच्या शेतातील असली तरी तोडायला परवानगी लागते. बाभूळ त्या अनुसूचीत नाही.

उत्तर (हिंगणघाट)

मी पांढऱ्या कोळशाच्या कारखान्यात यंत्रावर सात वर्षे काम केले आहे, म्हणून तिसऱ्या विक्रेत्याबद्दल तेवढे लिहितो. निम्म्या मालात काम भागते हे त्याचे म्हणणे ओल्या लाकडाशी तुलना केल्यास बरेचसे खरे आहे, मात्र वाळलेल्या बाभळीशी केल्यास मुळीच खरे नाही. पऱ्हाटी किंवा सोयाबीनच्या कुटाराचा चांगला पांढरा कोळसा किलोमागे ३,८०० ते ४,२०० किलोकॅलरीच्या दरम्यान उष्णता देतो आणि वाळलेले लाकूडही त्याच पट्ट्यात येते.

या मालात प्रत कोठे बिघडते ते सांगतो. यात डिंक किंवा चिकणमाती घालत नाहीत. दाबाने आणि त्या दाबातून निर्माण होणाऱ्या उष्णतेने काडीकचऱ्यातील लिग्निन हा मुळातला बांधून ठेवणारा घटक मऊ होऊन तेच सर्व काही धरून ठेवते. कच्चा माल दहा-बारा टक्क्यांपेक्षा अधिक ओला असेल तर कांडी यंत्रातून निघतानाच वाफेने तडकते आणि तिच्यावर आडव्या भेगा पडतात. शेतातून ट्रॅक्टरच्या पंजाने ओढून आणलेल्या पऱ्हाटीबरोबर मुळांना चिकटलेली माती येते आणि ती न झाडता दळली की सगळी राखेत दिसते. ही माती कोणी मुद्दाम घालतेच असे नाही, पण तिचे वजन तुमच्याच बिलात जाते.

म्हणून घेण्यापूर्वी चार कांड्या मागून घ्या. एक बादलीभर पाण्यात टाका. घट्ट दाबलेली कांडी तळाशी बसते, पोकळ असेल ती तरंगते. काही मिनिटांनी ती फुगून तिचा लगदा होईल, त्याची काळजी करू नका, चांगल्या मालाचेही तसेच होते. त्यावरून एवढेच समजावे की हा माल पावसात आणि ओलाव्यात ठेवता येत नाही. दुसरी कांडी तोलून लोखंडी घमेल्यात पूर्ण जाळा आणि थंड झाल्यावर राख तोला. पऱ्हाटीच्या स्वच्छ मालात किलोमागे पन्नास ते ऐंशी ग्रॅम राख निघाली तर माल योग्य समजा. दीडशे ग्रॅमच्या वर गेल्यास त्यात माती आहे किंवा धानाचा तूस मिसळलेला आहे.

एक अडचण मात्र कोणताही विक्रेता आपणहून सांगणार नाही. बहुतेक कारखान्यांत ९० मिलिमीटर जाडीची कांडी निघते आणि ती बॉयलरसाठी केलेली असते. बंबाच्या मधल्या नळीत ती अडकते. हातोडीने फोडून टाकावी लागते, फोडताना चुरा पडतो आणि तो चुरा जाळीवर बसून हवा अडवतो. बंबासाठी घ्यायचाच असेल तर बारीक कांडी कोणाकडे मिळते का ते आधी पाहा, आणि चुऱ्याचे वजन बिलातून वगळायला सांगा.

उत्तर (अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया)

भाऊ, आमच्या भागात राइस मिलच्या तुसाच्या कांड्या स्वस्त मिळतात आणि त्यांच्या नादाने आम्ही एक हिवाळा फसलो. तुसात पाचव्या हिश्श्याच्या आसपास राखच असते. रोज सकाळी घमेलेभर राख उचलून माझी आणि सासूबाईंची कंबर गेली. वर सांगितलेली राखेची परीक्षा जरूर करून पाहा.

माझे लिहिण्याचे खरे कारण मात्र तुमचे वडील आहेत. कडाक्याच्या थंडीत म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून दार लावून घेण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. कृपा करून तसे करू नका. निखारे धूर देत नाहीत म्हणून ते निर्धोक वाटतात, पण बंद खोलीत त्यांच्यापासून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि झोपलेल्या माणसाला तो जागेही होऊ देत नाही. माल कितीही चांगल्या प्रतीचा घेतला तरी हा धोका कमी होत नाही. हाच विचार करून पुढे गॅसचा गिझर घेतलात, तर तो न्हाणीघराच्या आत न बसवता बाहेरच्या भिंतीवर बसवावा.

आणि दादा, गॅसचाही हिशेब एकदा मांडून पाहा. गॅस महाग, सरपण स्वस्त असे आपण न मोजताच धरून चालतो. सिलिंडर घेताना त्याच्यावर लिहिलेले रिकाम्या टाकीचे वजन पाहून, त्यात १४.२ किलो मिळवून, आणणाऱ्या माणसाकडून काट्यावर तोलून घ्यावे. तो आपला हक्क आहे.

प्रश्नकर्ता (आर्वी तालुका)

आपणा सर्वांचा मी मनापासून आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे तिन्ही ठिकाणचा पन्नास-पन्नास किलो माल आणला आणि तीन आठवडे वही ठेवली.

ढलप्या वाळवल्यावर टालावरच्या लाकडात ३१ टक्के पाणी निघाले आणि शेतकऱ्याच्या बाभळीत १३ टक्के. पांढऱ्या कोळशाची कांडी पाण्यात बुडाली, किलोमागे राख ७० ग्रॅम निघाली, तेव्हा माल प्रामाणिक आहे असे म्हणायला हरकत नाही. गुरुजींच्या रीतीने मांडले तर टालाचे लाकूड किलोला २,८५० किलोकॅलरी देते आणि बाभूळ ३,७५० देते. कांडीचे मी ३,९०० धरले. एका रुपयाला मिळणारी उष्णता त्यावरून काढली, तर टालाची ४६०, बाभळीची ४८१ आणि कांडीची ४५९ किलोकॅलरी आली. क्विंटलच्या भावात २३० रुपयांचे अंतर आणि उष्णतेच्या भावात तिघेही जवळपास बरोबरीत! हा आकडा पाहून भाऊ म्हणाला, मग स्वस्तातलेच घेऊ. मी त्याला थांबवले आणि बंबावर प्रत्यक्ष मोजले.

चाळीस लिटर पाणी २० अंशांपासून ६० अंशांपर्यंत न्यायचे, मुलाच्या प्रयोगशाळेतील थर्मामीटर लावायचा आणि जळालेले सरपण तोलायचे, असे प्रत्येक मालाचे सहा-सहा दिवस केले. सरासरीने टालाचे लाकूड २.४ किलो लागले, बाभूळ १.३५ किलो आणि कांडी १.४५ किलो. पैशांत पाहिले तर एका बंबाला टालाचे १४ रुपये ९० पैसे, बाभळीचे १० रुपये ५० पैसे आणि कांडीचे १२ रुपये ३० पैसे पडले. ओल्या लाकडाने नुसते पाणीच विकले नाही, तर त्याचा जाळही मंद राहिला आणि उष्णता धुराबरोबर धुराड्यातून निघून गेली, हे मला वहीत डोळ्यांनी दिसले. पाणी तापायला ओल्या लाकडाने पन्नास मिनिटे घेतली, बाभळीने अठ्ठावीस.

कांडीबद्दल हिंगणघाटच्या भाऊंनी लिहिले ते शब्दशः खरे निघाले. पन्नास किलोच्या पोत्यात फोडताना चार किलो चुरा पडला आणि जाळी रोज मोकळी करावी लागली.

गॅसचा हिशेब मात्र मला जमला नाही. आमच्याकडे सिलिंडर घरी येईपर्यंत ९०० रुपयांच्या आसपास पडतो.

उत्तर (यवतमाळ)

भाऊ, तुमची वही वाचून फार आनंद झाला. तुमच्या आकड्यांवरून पाहता चाळीस लिटर पाण्यात १,६०० किलोकॅलरी उष्णता शिरते. बाभळीच्या १.३५ किलोतून ५,०६० निघाल्या, म्हणजे बंबाने ३२ टक्के कामी लावल्या. ओल्या लाकडाच्या बाबतीत हेच प्रमाण २३ टक्क्यांवर आले. रुपयामागे मिळणाऱ्या उष्णतेत दोन्ही माल सारखे दिसले, पण बंबाने ते सारखे वापरले नाहीत.

गॅस किलोमागे सुमारे १०,९०० किलोकॅलरी देतो आणि गिझर त्यातील ८० टक्के पाण्यात उतरवतो असे धरले, तर एका बंबाएवढ्या पाण्याला १८३ ग्रॅम गॅस लागेल. ९०० रुपयांच्या सिलिंडरमध्ये किलो ६३ रुपयांना पडतो, म्हणजे खर्च ११ रुपये ६० पैसे. बाभळीपेक्षा रुपया-सव्वा रुपया जास्त, पण ज्या टालाच्या मालाला आपण स्वस्त समजत होतो त्याच्यापेक्षा तीन रुपयांहून अधिक कमी. गिझरची किंमत आणि घरातील वर्षाच्या सिलिंडरांची संख्या हे दोन मुद्दे वेगळे पाहावे लागतील.

टालवाल्याशी बोलायचे असल्यास तुमच्याकडे आता आकडा आहे. बाभळीइतक्याच खर्चात पाणी तापायचे, तर त्याच्या ओल्या लाकडाला क्विंटलमागे ४४० रुपयांपेक्षा जास्त देणे परवडत नाही. त्याच भावात देत असेल आणि तुमच्याकडे पत्र्याखाली जागा असेल, तर वैशाखात घेऊन वाळवून पुढच्या हिवाळ्याला जाळावे; उन्हाळ्याचे आपल्याकडचे ऊन फुकट आहे आणि फोडलेल्या लाकडाला दोन-अडीच महिने पुरतात. फक्त फोडल्याशिवाय रचू नका, सालीतून पाणी निघत नाही.

प्रश्नकर्ता (आर्वी तालुका)

पाच क्विंटल बाभूळ घेतली. एकशे दहा दिवस, रोज तीन बंब, या हिशेबाने साडेचार क्विंटल लागेल, वरचे अर्धे अवकाळी पावसासाठी. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीची पावती वहीला टाचली आहे. ३,९०० रुपये झाले. गेल्या वर्षीसारखा आठ क्विंटल ओला माल आजच्या भावाने घेतला असता तर ४,९६० लागले असते. खाली विटा, वर पत्रा, आणि फोडींमध्ये हवा खेळावी म्हणून आडवी-उभी रचाई केली आहे. शेतकऱ्याला पुढच्या वर्षीची पाच क्विंटल आताच सांगून ठेवली आणि त्यानेही चैत्रातच फोडून ठेवण्याचे कबूल केले. वडिलांच्या खोलीतील शेगडी त्याच दिवशी उचलली. आता ते सकाळी बंबाजवळ पाट टाकून बसतात आणि फोडी स्वतःच्या हाताने घालतात.